प्रायॉन आतड्याचे अस्तर ओलांडतात तरी कसे?

आर्वीकडचा_शेतकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या गावची गुरे सकाळी आखरावर जमतात आणि गायक्यासोबत नाल्याकाठच्या पडीत जमिनीवर चरायला जातात. मेलेली ढोरे टाकण्याची जागाही त्याच बाजूला असल्याने उन्हाळ्यात चारा विरळ झाला की काही गायी तिथली वाळलेली हाडे तोंडात धरून बराच वेळ चघळत उभ्या राहतात. माझ्या गवळाऊ गायींनाही ही सवय आहे. हाडे खाल्ल्याने गायींना 'मॅड काऊ' नावाचा मेंदूचा रोग होतो असे कोणीतरी मोबाइलवर वाचून गावात सांगितले, आणि तेव्हापासून लोक दुधाविषयीही शंका घेऊ लागले आहेत. यात खरे किती हे जाणकारांनी सांगावे.

याहून मोठा प्रश्न मात्र मला वेगळाच पडला आहे. मी शेतीसोबत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. प्रथिन खाल्ले की जठरात पेप्सिन आणि लहान आतड्यात ट्रिप्सिन त्याचे तुकडे करतात आणि रक्तात शेवटी अमिनो आम्लेच जातात, असे आम्ही मुलांना सांगतो. मॅड काऊ ज्यामुळे होतो तो प्रायॉन तर निव्वळ प्रथिन आहे. त्यात डीएनए नाही, आरएनए नाही, त्याला स्वतःची हालचाल नाही. मग ते न पचता आतड्याचे अस्तर ओलांडते कसे, आणि पोटातून मेंदूपर्यंत जाते कोणत्या वाटेने? वर्गात कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

पशुवैद्य_दारव्हा

गुरुजी, आधी गावातल्या भीतीविषयी लिहितो, कारण ती लवकर दूर व्हायला हवी. गुरांमधला बीएसई, म्हणजे ज्याला लोक मॅड काऊ म्हणतात तो रोग, भारतात आढळलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताचा समावेश या रोगाचा नगण्य धोका असलेल्या देशांत केला. ज्या जनावरांत हा रोग नव्हताच त्यांच्या हाडांतून तो येणार नाही. शिवाय बीएसई झालेल्या गुरांतही रोगकारक प्रथिन मुख्यतः मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, डोळे आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सापडते, कोरड्या हाडात नव्हे. दुधातून हा रोग पसरल्याचा पुरावा नाही. तेव्हा दुधाविषयी निश्चिंत राहावे.

हाडे चघळण्याची सवय मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ती बहुधा स्फुरदाच्या कमतरतेची खूण असते, आणि तिच्यातला खरा धोका बोट्युलिझमचा आहे. सडलेल्या अवशेषांत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष तयार होते. ते पोटात गेले की जनावराचे पाय लुळे पडतात, त्याला गिळता येत नाही आणि ते दगावते. मेलेली ढोरे उघड्यावर न टाकता खोल पुरावीत, गुरांना खनिज मिश्रण नियमित द्यावे आणि ढेपेसोबत थोडा गव्हाचा कोंडा द्यावा, कारण कोंड्यात स्फुरद भरपूर असते.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाचा पहिला भाग, म्हणजे प्रायॉन पचत का नाही. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात, विशेषतः चेतापेशींच्या पृष्ठभागावर, प्रायॉन प्रथिनाचे साधे रूप असतेच आणि त्याचा काही उपद्रव नसतो. त्याच अमिनो आम्लांच्या साखळीची घडी बदलली, तिच्यात सपाट पट्ट्यांसारख्या बीटा रचनेचे प्रमाण वाढले आणि असे रेणू एकमेकांना घट्ट चिकटून तंतू बनले की त्याला आपण रोगकारक प्रायॉन म्हणतो. पाचक एन्झाइमला साखळी तोडण्यासाठी तिच्यापर्यंत पोचता यावे लागते, आणि या घट्ट तंतूंत बहुतेक जागा आत दडलेल्या असतात. प्रयोगशाळेत प्रोटिनेझ के या अतिशय जोरकस एन्झाइमने साधे रूप पूर्ण नाहीसे होते, तर रोगकारक रूपाचा एक टोकाकडचा भाग तेवढा कापला जातो आणि मधला गाभा शिल्लक राहतो. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये 'प्रायॉन' ही संज्ञा मांडली, ती अशाच टिकून राहिलेल्या प्रथिनाच्या अभ्यासातून. त्या कामासाठी त्यांना १९९७ चे नोबेल मिळाले.

तरीही पोटात त्याचे काहीच होत नाही असे समजू नये. आतड्यातील पाचक रस आणि तिथले सूक्ष्मजीव प्रायॉनचा मोठा भाग नष्ट करतात. म्हणूनच प्राण्यांवरच्या प्रयोगांत तोंडावाटे दिलेले प्रायॉन थेट मेंदूत टोचलेल्या प्रायॉनपेक्षा कितीतरी हजार पटींनी कमी परिणामकारक ठरतात. प्रश्न उरलेल्या अंशाचा आहे, आणि तो अंश पुरेसा ठरू शकतो: बीएसई झालेल्या गायीचा अवघा १ ग्रॅम मेंदू खाऊ घातल्याने वासरांना रोग झाला आहे, आणि १ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही एखाद्या वासराला तो झाल्याची नोंद आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र_अमरावती

डॉक्टरांनी उरलेल्या अंशाविषयी लिहिले, म्हणून मी तिथूनच पुढे लिहिते. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हा विषय मला फार जवळचा वाटतो, त्यामुळे लांबण लागली तर समजून घ्यावे.

लहान आतड्याचे अस्तर एकाच थराचे असते. पेशीला पेशी चिकटून असते, दोघींमधल्या फटी घट्ट सांध्यांनी बंद असतात, आणि वर श्लेष्माचा थर असतो. प्रायॉनचे तंतू त्या सांध्यांतून घुसतील इतके लहान नसतात. म्हणजे त्यांना पेशीच्या आतूनच पलीकडे जावे लागते, आणि त्यासाठी पेशीने त्यांना स्वतः आत घ्यावे लागते. आपल्या आतड्यात नेमके हेच काम करणाऱ्या पेशी आहेत.

लहान आतड्यात, विशेषतः त्याच्या शेवटच्या भागात, पेयरचे पट्टे नावाचे लसिका ऊतींचे, म्हणजे प्रतिकार पेशी जिथे जमतात त्या ऊतींचे, समूह असतात. त्यांच्यावरच्या अस्तरात थोड्या एम पेशी असतात. त्यांच्यावर इतर पेशींसारखी दाट सूक्ष्म रसांकुरांची झालर नसते आणि श्लेष्माही पातळ असतो. बाजार समितीत ग्रेडर जसा प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस काढून पाहतो, तशा या पेशी आतड्यातल्या मजकुराचा थोडा थोडा नमुना उचलतात आणि न पचवता आपल्या तळाशी असलेल्या खिशात उभ्या असलेल्या प्रतिकार पेशींना देतात. शरीराला शत्रूची ओळख लवकर पटावी म्हणून ही सोय आहे, आणि 'न पचवता' हीच त्या सोयीतली जोखीम आहे. जिवाणू असेल तर पलीकडच्या पेशी त्याला ओळखून मारतात. प्रायॉनला मात्र प्रतिकारशक्ती परके मानत नाही, कारण त्याची अमिनो आम्लांची साखळी आपल्याच प्रथिनाची असते.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. २००१ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींचा थर वाढवला आणि त्यात एम पेशी तयार केल्या, तेव्हा प्रायॉन त्या थरातून पलीकडे गेले. एम पेशी नसलेल्या थरातून ते जवळजवळ गेले नाहीत. पुढे एडिनबर्गजवळच्या रॉझलिन संस्थेत नील मॅबट यांच्या गटाने जिवंत उंदरांवर प्रयोग केले. एम पेशी तयार होण्यासाठी आरएएनकेएल नावाचा संदेशरेणू लागतो. प्रतिपिंड देऊन तो संदेश अडवला तेव्हा उंदरांच्या आतड्यातल्या एम पेशी नाहीशा झाल्या, आणि अशा उंदरांना तोंडावाटे प्रायॉन दिले तरी रोग झाला नाही. २०१२ चा हा निष्कर्ष आहे. त्याच गटाने नंतर एम पेशींची संख्या वाढवूनही पाहिले, तेव्हा रोगाची शक्यता पुष्कळ वाढली.

शेळीपालन_मूर्तिजापूर

ताई, फार सविस्तर लिहिलेत, धन्यवाद. माझा व्यवसाय शेळ्या-मेंढ्यांचा असल्यामुळे दोन गोष्टी विचारतो. पहिली, मेंढ्यांना होणारा स्क्रेपी हाही प्रायॉनचाच रोग आहे ना, आणि तो आपल्या देशात आहे काय? दुसरी, आमच्याकडे बकऱ्याची वजडी आवडीने खाल्ली जाते. आतडे हेच जर प्रवेशाचे ठिकाण असेल तर वजडी खाण्यात धोका आहे काय?

पशुवैद्य_दारव्हा

भाऊ, स्क्रेपी प्रायॉनचाच रोग आहे, आणि इंग्लंडमधल्या त्याच्या नोंदी अठराव्या शतकापर्यंत मागे जातात. भारतात हिमालयाच्या पायथ्याच्या भागातल्या मेंढ्यांत तो आढळल्याचे १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु स्क्रेपी माणसाला होतो असे दिसलेले नाही, आणि युरोपातल्या लोकांनी शेकडो वर्षे स्क्रेपी असलेल्या कळपांचे मांस खाल्ले आहे. त्यामुळे वजडीतून प्रायॉन येतील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ती स्वच्छ धुऊन पूर्ण शिजवावी ती जंत आणि जिवाणूंसाठी. युरोपात बीएसईनंतर गुरांची आतडी, मेंदू आणि कणा अन्नसाखळीतून काढून टाकण्याचे नियम झाले, कारण तिथे रोग प्रत्यक्ष होता.

मुद्दाम एक गोष्ट सांगतो, कारण नेहमीच्या सवयीने आपण फसू शकतो. प्रायॉन शिजवण्याने मरत नाहीत. अल्कोहोल आणि फॉर्मेलिन यांनीही ते निकामी होत नाहीत. शस्त्रक्रियेच्या साधनांसाठी १३४ अंश सेल्सियसची वाफ १८ मिनिटे, किंवा सोडियम हायड्रॉक्साइडचे तीव्र द्रावण तासभर, असे कठोर उपाय लागतात.

वाचक_चिखलदरा

एक शंका आहे. एम पेशी हे एकच दार असेल तर ते बंद करण्याचे औषध काढले म्हणजे प्रश्न मिटायला हवा. ताई, हे इतके सरळ आहे काय?

सूक्ष्मजीवशास्त्र_अमरावती

नाही, आणि या विषयातला माझ्या मते सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे.

दुसऱ्या वाटांचे पुरावेही भक्कम आहेत. आतड्यात एम पेशी थोड्या, आणि अन्न शोषणाऱ्या साध्या अस्तरपेशी प्रचंड संख्येने असतात. या साध्या पेशींवर लॅमिनिन रिसेप्टर नावाचे प्रथिन असते, आणि त्याला धरून प्रायॉन त्या पेशींच्या आत घेतले जातात असे मानवी आतड्यांच्या पेशींवर केलेल्या अभ्यासात दिसले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे २००४ मध्ये झालेल्या प्रयोगात असे आढळले की, पचनानंतर उरलेले प्रायॉन मांसातल्या फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाला चिकटलेले असतात आणि त्याच्यासोबतच पेशीतून पलीकडे नेले जातात. लोह घेण्यासाठी पेशीने जी वाट ठेवली आहे तिचाच येथे उपयोग होतो.

मेंढ्यांवरचा प्रयोग तर आणखी वेगळे सांगतो. संशोधकांनी मेंढ्यांच्या लहान आतड्याचा एक भाग शस्त्रक्रियेने अलग बांधला आणि त्यात स्क्रेपी झालेल्या मेंदूचा अर्क सोडला. काही तासांच्या आतच ते प्रथिन रसांकुरांमधून (अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांमधून) आत शिरून त्यांच्या मधल्या लसिकावाहिनीत, जिथून आपण खाल्लेले तेल-तूप शोषले जाते तिथे, दिसू लागले. एम पेशींमधून ते गेल्याचे त्या प्रयोगात दिसले नाही. आता पुढचे नीट वाचावे: ज्या मेंढ्यांना जन्मजात स्क्रेपी होत नाही त्यांच्या आतड्यातही ते प्रथिन तितक्याच सहजपणे पलीकडे गेले. महिन्याभराने पाहिले तेव्हा मात्र पेयरच्या पट्ट्यांत रोगकारक प्रथिन साठलेले आढळले ते केवळ रोगप्रवण मेंढ्यांत.

म्हणजे अस्तर ओलांडणे ही एक गोष्ट आणि रोग लागणे ही दुसरी. प्रायॉन शरीरात शिरले तरी त्यांना तिथे स्वतःसारखे घडवण्याजोगे प्रथिन मिळावे लागते. ज्या उंदरांच्या जनुकातून प्रायॉन प्रथिनच काढून टाकले आहे त्यांना कितीही प्रायॉन दिले तरी रोग होत नाही, हे १९९३ मध्येच सिद्ध झाले. मेंढ्यांमध्येही या प्रथिनाच्या १३६, १५४ आणि १७१ या स्थानांवर कोणती अमिनो आम्ले आहेत यावर रोगप्रवणता ठरते. एआरआर प्रकारच्या (या तीन स्थानांवर अनुक्रमे ॲलानिन, आर्जिनिन, आर्जिनिन असलेल्या) मेंढ्या नेहमीच्या स्क्रेपीला दाद देत नाहीत, आणि ब्रिटनमध्ये या प्रकारचे नर मेंढे निवडून पैदास करण्याचा कार्यक्रम राबवला गेला.

उंदरात एम पेशी इतक्या निर्णायक आणि मेंढीत रसांकुरांची वाट इतकी ठळक, या दोहोंचा मेळ कसा घालायचा? माझे मत असे की अस्तर ओलांडण्याच्या वाटा अनेक आहेत, पण ज्या वाटेने प्रायॉन पेयरच्या पट्ट्यांतल्या योग्य पेशींच्या हाती पुरेशा प्रमाणात पडतात तीच रोगाच्या दृष्टीने महत्त्वाची. एम पेशी थेट त्या पट्ट्यांवरच बसलेल्या असल्याने कमी मात्रेत त्यांचे महत्त्व अधिक असावे. मेंढ्यांच्या त्या प्रयोगात मात्रा मोठी होती आणि अर्क न पचलेला होता, हेही ध्यानात ठेवायला हवे.

आर्वीकडचा_शेतकरी (धागाकर्ता)

ताई, माझी शंका अर्धी फिटली. पलीकडे गेल्यावर प्रायॉन कोणत्या पेशींच्या हाती पडतात आणि तिथून मेंदूत कसे जातात, हे राहिले.

सूक्ष्मजीवशास्त्र_अमरावती

अस्तराखाली त्यांची गाठ प्रथम भक्षक पेशी आणि डेन्ड्रिटिक पेशींशी पडते. भक्षक पेशी बऱ्याचदा त्यांचा नाश करतात. फिरत्या डेन्ड्रिटिक पेशी मात्र त्यांना पट्ट्याच्या आत वाहून नेतात. तिथे फॉलिक्युलर डेन्ड्रिटिक पेशी असतात. नाव सारखे असले तरी या वेगळ्या जातीच्या पेशी आहेत. त्या जागेवरून हलत नाहीत, त्यांच्या लांब फांद्यांवर साधे प्रायॉन प्रथिन भरपूर असते, आणि पूरक प्रथिनांनी (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांनी) वेढलेले कण महिनोन् महिने धरून ठेवणे हेच त्यांचे काम असते. प्रायॉनला वाढीसाठी याहून सोयीची जागा मिळणार नाही. उंदरांमध्ये या पेशी प्रायॉन देण्याआधी तात्पुरत्या नाहीशा केल्या तर तोंडावाटे होणारा संसर्ग थांबतो. काही आठवड्यांनी नाहीशा केल्या तर उपयोग होत नाही. कारण तोवर प्रायॉन पुढे निघून गेलेले असतात.

पुढे म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यात. आतड्याला स्वतःचे चेताजाल आहे, एक अस्तराखाली आणि एक स्नायूंच्या थरांमध्ये. तिथून दोन रस्ते आहेत: व्हेगस नसेतून सरळ मेंदूच्या खालच्या भागात, किंवा स्प्लॅन्क्निक नसांतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि तिथून वर. हॅमस्टरवरच्या प्रयोगांत हे दोन्ही रस्ते पायरीपायरीने तपासले गेले. फॉलिक्युलर डेन्ड्रिटिक पेशी आणि चेतातंतू यांच्यातले अंतर जितके कमी, तितके प्रायॉन चेतासंस्थेत लवकर पोचतात, असे २००३ मध्ये उंदरांच्या प्लीहेत दाखवले गेले.

पशुवैद्य_दारव्हा

यात एक भर घालतो. सगळ्या प्राण्यांत हे सारख्या प्रमाणात घडत नाही. मेंढीच्या स्क्रेपीत आणि हरणांच्या क्षयकारी रोगात (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हाही प्रायॉनचाच) लसिका ऊती प्रायॉनने भरून जातात. गायीच्या बीएसईत त्या मानाने फारच कमी, मुख्यतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. म्हणून मेंढ्या आणि हरणे आपल्या विष्ठेतून व लाळेतून रोग एकमेकांना देतात, तर बीएसई गायीकडून गायीला असा पसरल्याचे दिसत नाही. तो पसरला मांस आणि हाडांच्या भुकटीतून. ब्रिटनमध्ये हा रोग १९८६ मध्ये ओळखला गेला, रवंथ करणाऱ्या जनावरांना ती भुकटी देण्यावर १९८८ मध्ये बंदी आली, आणि तरीही रुग्णसंख्या वाढत जाऊन १९९२ मध्ये सर्वाधिक झाली, कारण लागण आणि लक्षणे यांच्यात साधारण पाच वर्षे जातात. एकूण १ लाख ८० हजारांहून अधिक गुरांत रोगनिदान झाले.

यातली बहुतेक गुरे वासरू असतानाच लागण झालेली होती असे मानले जाते, आणि त्याचा संबंध आतड्याशी जोडला जातो. वासराच्या लहान आतड्याच्या शेवटी पेयरचा पट्टा लांबलचक पसरलेला असतो आणि जनावर वयात आले की तो आकसतो.

वाचक_चिखलदरा

माणसांच्या बाबतीतही असेच आहे काय? ब्रिटनमध्ये लाखो लोकांनी ते मांस खाल्ले असेल. मग त्या मानाने माणसे इतकी कमी का दगावली?

सूक्ष्मजीवशास्त्र_अमरावती

बीएसईपासून माणसाला होणारा व्हेरियंट सीजेडी (क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या प्रायॉन रोगाचा एक प्रकार) हा रोग १९९६ मध्ये जाहीर झाला आणि ब्रिटनमध्ये त्याने १७८ माणसे दगावली. मृत्यूच्या वेळी त्यांचे मध्यक वय अवघे २८ होते. नेहमीचा सीजेडी मात्र साठीच्या पुढच्या लोकांना होतो. तरुणांनाच तो का झाला, याला आहाराच्या सवयींसह अनेक कारणे असू शकतात; पण म्हाताऱ्या उंदरांत एम पेशी कमी होतात आणि त्यांना तोंडावाटे प्रायॉनची लागण कमी होते, हे रॉझलिनच्या प्रयोगांत दिसले आहे. माणसातही पेयरचे पट्टे तारुण्यात सर्वाधिक असतात आणि पुढे घटत जातात.

माणसे कमी दगावण्याचे मोठे कारण म्हणजे गायीच्या आणि माणसाच्या प्रायॉन प्रथिनातला फरक. गायीचे प्रायॉन माणसाच्या प्रथिनाला सहज वळवू शकत नाहीत. शिवाय माणसाच्या या प्रथिनात १२९ व्या स्थानावर मेथिओनिन किंवा व्हॅलिन असते, आणि जवळजवळ सर्व रुग्णांना आई-वडील दोघांकडून मेथिओनिनच मिळालेले होते. मात्र याचा अर्थ बाकीच्यांच्या आतड्यांत काहीच शिरले नाही असा नाही. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेत काढलेली ३२,४४१ ॲपेंडिक्स तपासली, त्यांपैकी १६ मध्ये असाधारण प्रायॉन प्रथिन सापडले, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. ॲपेंडिक्स हीदेखील आतड्याशी जोडलेली लसिका ऊतीच आहे. त्या लोकांना पुढे रोग होईलच असे कोणी म्हणत नाही. परंतु पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत मृत नातलगांचे अवयव खाण्याच्या प्रथेतून पसरलेला कुरू रोग, ती प्रथा १९६० च्या सुमारास बंद झाल्यावरही पन्नासहून अधिक वर्षांनी काहींना झाला. इतका मोठा काळ प्रायॉन शरीरात गप्प राहू शकतात, याचे मला आजही दडपण येते.

काळी_माती_पुसद

मी अकोल्याला कृषी शिक्षण घेतले आहे आणि मृदाशास्त्र हा माझा विषय आहे. या धाग्यावर आपल्या मातीचा उल्लेख व्हावा असे वाटले.

विदर्भाच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीचे प्रमाण फार मोठे असते. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी ती हीच. माँटमोरिलोनाइट हे याच गटातले खनिज आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी असे दाखवले की, प्रायॉन या खनिजाला अत्यंत घट्ट चिकटतात आणि चिकटूनही संसर्गक्षम राहतात. २००७ मध्ये त्यांनी आणखी पुढची गोष्ट प्रसिद्ध केली: माँटमोरिलोनाइटला चिकटलेले प्रायॉन हॅमस्टरना तोंडावाटे दिले तेव्हा त्यांची संसर्गक्षमता मोकळ्या प्रायॉनपेक्षा ६८० पटींनी अधिक भरली. मातीचा कण प्रायॉनला पाचक रसांपासून वाचवत असावा, किंवा अस्तरातल्या नमुने उचलणाऱ्या पेशींना तो कण उचलणे सोपे जात असावे.

आपल्या मातीत प्रायॉन आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण हरणांच्या रोगाने ग्रासलेल्या अमेरिकेतल्या कुरणांत रोग वर्षानुवर्षे का टिकतो, हे यातून कळते. असा रोग चुकूनही आपल्या भागात आला तर आपली काळी जमीन त्याला धरून ठेवील, आणि चरताना, पाणी पिताना, चाटताना गुरे माती रोजच खातात. म्हणून बाहेरून येणाऱ्या पशुखाद्याविषयी आपण अधिक कडक राहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

शेळीपालन_मूर्तिजापूर

भाऊ, हे वाचून काळजी वाटली. आमच्या शेळ्या बाभळी-बोरीचे काटे खातात, त्यांच्या तोंडाला नेहमी ओरखडे असतात. शिवाय पावसाळ्यात त्यांना हगवण लागते. जखमी तोंड किंवा सुजलेले आतडे असेल तर प्रायॉनची वाट अधिक सोपी होते काय?

सूक्ष्मजीवशास्त्र_अमरावती

तत्त्वतः होय. जिभेवर लहानशी जखम असेल तर प्रायॉनची लागण सोपी होते, हे हॅमस्टरमध्ये आणि हरणाचे प्रायॉन प्रथिन बाळगणाऱ्या उंदरांमध्ये दिसले आहे. जिभेत चेतातंतूंचे जाळे दाट असते, त्यामुळे तिथून तर आतड्याची वाटही टळते. साल्मोनेला जिवाणूमुळे आतड्याला सूज आलेल्या उंदरांतही तोंडावाटे प्रायॉनची लागण अधिक झाली, असे २००९ च्या एका अभ्यासात आढळले. सुजलेल्या आतड्यात प्रतिकार पेशींची गर्दी वाढते आणि अस्तराचे सांधेही सैल पडतात. पण भाऊ, तुमच्या शेळ्यांच्या पोटात प्रायॉन येणार कुठून? हगवणीवर उपचार करावा तो हगवणीसाठीच.

पशुवैद्य_दारव्हा

ताईंशी सहमत आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना, कोंबड्या, डुकरे आणि मासे वगळता, गुरांच्या किंवा डुकरांच्या मांस-हाडांची भुकटी असलेले खाद्य देण्यास मनाई आहे. सरकी ढेप, तुरीचे कुटार, कडबा हा आपला चारा शुद्ध वनस्पतिजन्य आहे. तयार खाद्याचे पोते घेताना मात्र त्यावरचा घटकांचा तपशील वाचावा, आणि तपशील छापलेला नसेल तर ते घेऊ नये.

आर्वीकडचा_शेतकरी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दुधाविषयीचे उत्तर मी ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे. एक शेवटचा प्रश्न: रोगाची सुरुवात आतड्यात होत असेल तर बीएसईची तपासणी आतड्याची करतात काय, आणि जनावर जिवंत असताना ती होऊ शकते काय?

पशुवैद्य_दारव्हा

गुरांमध्ये तपासणी मेल्यानंतर मेंदूची होते, आणि तीही मेंदूच्या नेमक्या एका भागाची. मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो तिथल्या ओबेक्स नावाच्या भागाचा नमुना घेतात. व्हेगस नसेचे मूळ केंद्र तिथेच आहे. आतड्यातून व्हेगस नसेने वर चढलेले प्रायॉन मेंदूत सर्वांत आधी तिथे साठतात, त्यामुळे बाकीचा मेंदू निरोगी दिसत असतानाही ओबेक्समध्ये ते सापडू शकतात. गायीच्या आतड्यात त्यांचे प्रमाण इतके थोडे आणि विखुरलेले असते की तिथला नमुना निर्दोष निघाला तरी भरवसा ठेवता येत नाही.

मेंढ्या आणि हरणांमध्ये मात्र जिवंतपणी तपासणी शक्य आहे. त्यांच्या लसिका ऊतींत प्रायॉन भरपूर साठत असल्यामुळे गुदद्वाराच्या आतल्या कडेवरच्या अस्तराचा छोटा तुकडा जागा बधिर करून काढतात आणि त्यातल्या लसिका गाठींत प्रायॉन प्रथिन शोधतात. जनावराला फारसा त्रास होत नाही आणि लक्षणे दिसण्याच्या कित्येक महिने आधी निदान होऊ शकते. वयस्क जनावरात या गाठी कमी झालेल्या असतात, म्हणून एकाच तुकड्यात पुरेशा गाठी न मिळाल्यास दुसरा नमुना घ्यावा लागतो.